कोणतं औषध किती पट जहाल? एलसी५० च्या पुढचा हिशोब

अंकमोड

कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. कीटकशास्त्राची मुलं प्रयोग झाल्यावर आकडे घेऊन येतात आणि बहुतेकांना एकच वाक्य लिहायचं असतं: 'अमुक कीटकनाशक तमुकपेक्षा इतक्या पट विषारी आढळले.' हे 'इतक्या पट' नेमकं कुठून येतं आणि कधी ते लिहिण्याचा आपल्याला अधिकारच नसतो, यावर सविस्तर बोलावं म्हणून धागा काढतोय. माझं म्हणणं एवढंच आहे: दोन एलसी५० चा (एलसी५० म्हणजे निम्मे किडे मारणारी मात्रा) भागाकार म्हणजे तुलना नव्हे. त्या भागाकाराला अर्थ येतो तो दोन्ही औषधांच्या मात्रा आणि मरण यांच्या रेषा समांतर असतील तरच.

हवेत बोलण्यापेक्षा खरे आकडे घेऊ. शेवंतीवरच्या काळ्या माव्यावर रोटेनोन आणि डेग्वेलिन फवारून मार्टिन यांनी चाचणी केली, १९४२ साली ती प्रसिद्ध झाली. दोन्ही द्रव्यं डेरिस नावाच्या वेलीच्या मुळांत सापडतात. डेव्हिड फिनी तेव्हा इंग्लंडातल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात होते, त्यांनी हे आकडे पुढे उदाहरण म्हणून वापरले आणि संख्याशास्त्राच्या कित्येक पिढ्या त्यांवर शिकल्या. मात्रा लिटरला मिलिग्रॅममध्ये:

रोटेनोन
१०.२ : ५० पैकी ४४ मेले
७.७ : ४९ पैकी ४२
५.१ : ४६ पैकी २४
३.८ : ४८ पैकी १६
२.६ : ५० पैकी ६

डेग्वेलिन
५०.५ : ४८ पैकी ४८
४०.४ : ५० पैकी ४७
३०.३ : ४९ पैकी ४७
२०.२ : ४८ पैकी ३४
१०.१ : ४८ पैकी १८
५.१ : ४९ पैकी १६

मात्रा आणि मेलेल्यांची टक्केवारी आलेखावर मांडली की ताणलेल्या 'एस' सारखी वक्ररेषा येते. मात्रेचा लॉग घेतला की ती दोन्ही बाजूंनी सारखी होते, आणि टक्केवारीचं प्रोबिट केलं (प्रत्येक टक्केवारीला प्रसामान्य वितरणावरचं माप दिलं) की सरळ होते. चेस्टर ब्लिस यांनी १९३४ मध्ये ही प्रोबिटची रीत मांडली. यामागची कल्पना साधी आहे. प्रत्येक किड्याची एक सहनशक्ती असते, त्याहून जास्त मात्रा मिळाली की तो मरतो, आणि शंभर किड्यांच्या सहनशक्तीचे लॉग घेतले तर ते साधारण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, वितरणात बसतात. रेषेचा उतार आपल्याला हे सांगतो की ते किडे एकमेकांसारखे आहेत की नाहीत. उतार उभा असेल तर सगळे जवळपास एकाच मात्रेला मरतात. उतार निजलेला असेल तर काही लगेच मरतात आणि काही पुष्कळ मात्रा पचवतात.

वरच्या आकड्यांवर मी आज पुन्हा प्रोबिट बसवलं. रोटेनोनचा उतार ४.२ आणि एलसी५० सुमारे ४.८५. डेग्वेलिनचा उतार २.६, एलसी५० सुमारे ९.९. भागाकार २ च्या जरा वर. म्हणजे 'रोटेनोन दुप्पट जहाल' असं लिहून मोकळं व्हायचं?

आता त्याच रेषांवरून एलसी१० (दहा टक्के किडे मारणारी मात्रा) काढा. रोटेनोन २.४, डेग्वेलिन ३.२. फरक १.३५ पट. एलसी९० काढा. रोटेनोन ९.८, डेग्वेलिन साधारण ३०.५. फरक ३.१ पट!

आकडे तेच, किडे तेच, आणि 'किती पट'चं उत्तर १.३५ पासून ३.१ पर्यंत. शेतकऱ्याला निम्मा मावा मारायचा नसतो. त्याच्या दृष्टीने एलसी९० च्या आसपासचा भाग महत्त्वाचा. प्रबंधाच्या तक्त्यात मात्र एलसी५० एकटाच ऐटीत बसलेला असतो.

रेषा समांतर असत्या तर त्यांतलं आडवं अंतर सगळीकडे सारखं राहिलं असतं, आणि ते अंतर म्हणजेच सापेक्ष तीव्रता. तेव्हा एक औषध म्हणजे दुसऱ्याचं जणू पाणी घालून पातळ केलेलं रूप असतं, म्हणून एकच गुणोत्तर पुरतं. समांतर नसतील तर एक आकडा अस्तित्वातच नाही, मग तो छापायचा कसा?

उतारांची तपासणी, विश्वासमर्यादा आणि डेग्वेलिनच्या आकड्यांतली एक गोष्ट यावर पुढे लिहितो. प्रश्न जरूर विचारा.

शिवार_हिंगोली

वाचतोय सर. गणित सगळं झेपलं नाही, पण निम्मा मावा मारायचा नसतो हे शंभर टक्के पटलं. दुकानात गेलं की सांगतात, हे नवीन औषध जुन्याच्या दहापट पॉवरफुल आहे, पंपाला फक्त चार ग्रॅम. मग चार ग्रॅमची पुडी जुन्या औषधाच्या अख्ख्या बाटलीएवढ्या पैशाला. ही दहापट कुठल्या हिशोबाने काढतात?

अंकमोड

शिवार, बऱ्याचदा तो हिशोब फक्त पुडीच्या वजनाचा असतो. पहिली गोष्ट पाहायची ती सक्रिय घटक किती. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजीच्या (पाण्यात विरघळणारे दाणे) १०० ग्रॅम पुडीत खरं औषध ५ ग्रॅम. दुसरं एखादं २५ टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं तेलकट द्रावण) असेल तर त्यात पाचपट. प्रयोगशाळेत तुलना करताना सगळं सक्रिय घटकावर आणावं लागतं, नाहीतर आपण औषधांऐवजी कंपन्यांच्या बाटल्यांची तुलना करत बसतो.

दुसरं असं की कमी ग्रॅम लागणं आणि जास्त चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिटरला एक मिलिग्रॅम लागणारं औषध आणि दहा मिलिग्रॅम लागणारं औषध, दोन्ही लेबलवरच्या मात्रेत वापरली तर किडीचा बंदोबस्त सारखाच करू शकतात. तुमच्यासाठी हिशोब एकरी खर्च, किती दिवस टिकतं आणि तुमच्या शिवारातली कीड त्याला सरावली आहे का, यांचा.

मृद्गंध

सर, अगदी वेळेवर धागा आला. माझं एम.एस्सी.चं काम कपाशीच्या माव्यावर सुरू आहे, पाच कीटकनाशकं. दोन शंका आहेत.

एक, कंट्रोलमध्येही (औषध न दिलेल्या गटात) काही मावे मरतात. ॲबटचं सूत्र (कंट्रोलमधलं मरण वगळणारं) लावून टक्केवारी सुधारली आणि मग प्रोबिट केलं. हे बरोबर ना?

दोन, दोन औषधांच्या एलसी५० च्या फिड्युशियल लिमिट (विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो) एकमेकींत शिरतात, म्हणून 'फरक सार्थ नाही' (योगायोगाचाही असू शकतो) असं लिहायला सांगितलंय. सगळ्या जुन्या प्रबंधांत तसंच आहे.

अंकमोड

मृद्गंध, दुसरी शंका आधी घेतो, कारण हा गैरसमज फार खोल रुजलाय.

दोन मर्यादा एकमेकींपासून पूर्ण सुट्या असतील तर फरक सार्थ आहे हे नक्की. पण एकमेकींत शिरल्या म्हणजे फरक नाही, हे उलटं विधान खरं नाही. कारण बघा. दोन्ही अंदाजांची प्रमाणत्रुटी (अंदाज साधारण किती चुकू शकतो ते माप) सारखी धरली तर फरकाची प्रमाणत्रुटी त्यांच्या बेरजेएवढी नसते, वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाएवढी असते, म्हणजे १.४१ पट. ९५ टक्क्यांच्या दोन मर्यादा सुट्या असण्याची अट लावली की तुम्ही १.४१ पटीऐवजी दुप्पट अंतर मागता. एवढी कडक अट लावून कितीतरी खरे फरक कचऱ्यात जातात. मर्यादांवरूनच पाहायचं असेल तर दोन्हींच्या सुमारे ८३ टक्क्यांच्या मर्यादा काढून त्या सुट्या आहेत का बघा. तो निकष ५ टक्के पातळीच्या जवळ येतो.

त्याहून सरळ मार्ग म्हणजे गुणोत्तरच काढा आणि त्या गुणोत्तराच्या मर्यादा काढा. एलसी५० च्या लॉगांची वजाबाकी, दोन्हींच्या प्रचरणांची (प्रमाणत्रुटीच्या वर्गांची) बेरीज, वर्गमूळ, त्याला १.९६ ने गुणून दोन्ही बाजूंना, मग प्रतिलॉग. मर्यादांच्या आत १ आला तर फरक सिद्ध झाला नाही, नाही आला तर झाला. एका वहीच्या पानावर होतं. आणि हेच एलसी९० साठीही करा.

ॲबटचं आता. सूत्र १९२५ सालचं आहे आणि ते चूक नाही. पण तुम्ही आधी टक्केवारी सुधारता आणि मग प्रोबिटला असं भासवता की तेवढेच किडे खरोखर मोजले होते. कंट्रोलमधला आकडाही ४०-५० किड्यांवरचा अंदाजच आहे, त्यालाही अनिश्चितता आहे, ती या रीतीत हरवते. नैसर्गिक मरण हा तिसरा अज्ञात अंक म्हणून प्रतिमानातच टाकला आणि कंट्रोलचे कच्चे आकडे सोबत दिले तर हे टळतं. आजची सॉफ्टवेअर ते करतात. कंट्रोलमध्ये एखाददुसराच मेला असेल तर दोन्ही उत्तरांत फारसा फरक पडत नाही. दहा-पंधरा टक्के असेल तर पडतो.

जुनाजाणता

निवृत्त कीटकशास्त्रज्ञ. अंकमोड, गणिताची बाजू चोख मांडलीत. मी टेबलावरची बाजू सांगतो, कारण रेषेचा उतार बिघडतो तो संगणकात नाही, पेट्री डिशमध्ये.

पानं बुडवायची चाचणी घ्या. कपाशीचं पान वरून तिसरं-चौथं, एकाच वाणाचं, फवारणी न झालेलं. गोल चकती कापायची, द्रावणात दहा सेकंद बुडवायची, चिमट्याने उचलून टिपकागदावर उभी धरून थेंब निथळू द्यायचा. मग सावलीत सुकवायची. पानाची खालची बाजू वर येईल अशी आगरच्या थरावर ठेवायची, कारण मावा खालून बसतो. मग मऊ ब्रशने एकेक मावा उचलायचा. इथे घाई झाली की त्याची सोंड पानात अडकलेली असताना ओढली जाते, ती तुटते आणि तो मावा औषधाविनाच मरतो. नवख्या मुलांच्या कंट्रोलमध्ये मरण जास्त दिसतं ते बहुधा यामुळे. पान हलवून मावा स्वतःहून सोंड काढेपर्यंत थांबावं, मग उचलावा.

मोजतानाही तेच. 'मेला' कोणाला म्हणायचं? ब्रशने हलकेच टोचल्यावर ताळमेळाने पाय हलवून चालू शकला नाही तर मेलेला धरायचा, हा नियम पहिल्या दिवशी ठरवावा आणि शेवटच्या डिशपर्यंत एकाच माणसाने मोजावं. पाच औषधं पाच जणांनी मोजली तर तुम्ही मोजणाऱ्यांची तुलना केलीत.

मृद्गंध, तुझ्या पाच औषधांत कोणती आहेत? सगळी २४ तासांनीच मोजतेस का?

मृद्गंध

काका, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फ्लोनिकामिड, डायमेथोएट आणि ॲसिटामिप्रिड. हो, सगळी २४ तासांनी. सोंडेचं माहीत नव्हतं, उद्यापासून तसंच करते.

जुनाजाणता

मग फ्लोनिकामिडवर अन्याय होतोय. ते माव्याचं खाणं आधी थांबवतं. मावा पानावर बसलेला दिसतो, पाय हलवतो, पण रस ओढत नाही, आणि उपासमारीने दोन-तीन दिवसांत मरतो. २४ तासांच्या आकड्यांवर त्याचा एलसी५० भलताच मोठा येईल आणि तुझ्या तक्त्यात ते सगळ्यात खाली बसेल. शेतात मात्र नुकसान पहिल्याच दिवशी थांबलेलं असतं. अळ्यांवर नोव्हाल्यूरॉन, ल्युफेन्युरॉन तपासतात तेव्हाही हेच घडतं. ती कात टाकताना मारतात, त्यामुळे अळीची कात टाकायची वेळ येईपर्यंत थांबलंच पाहिजे. सगळ्या औषधांना २४, ४८, ७२ आणि ९६ तासांनी मोज आणि चारही वेळांचे एलसी५० दे. क्रम कसा बदलत जातो ते वाचणाऱ्याला दिसू दे.

लायडनकर

नेदरलँड्समध्ये लसींच्या गुणवत्ता तपासणीत काम करते. हा धागा पाहून फार आनंद झाला, कारण समांतर रेषांचा हाच हिशोब आम्ही रोज करतो. लसीची नवी बॅच प्रमाणित बॅचच्या तुलनेत किती तीव्र आहे हे ठरवताना समांतरतेची तपासणी आधी, गुणोत्तर नंतर. समांतरता नापास झाली तर गुणोत्तर छापलंच जात नाही, चाचणी रद्द धरतात. कीटकशास्त्रात हीच शिस्त प्रबंधाच्या पातळीवर का येऊ नये?

ज्यांना स्वतः करून पाहायचंय त्यांच्यासाठी: 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात जीएलएम (सामान्यीकृत रेषीय प्रतिमान) घ्या, द्विपद वितरण, प्रोबिट लिंक. मेलेले आणि जिवंत असे दोन स्तंभ द्या, मात्रेचा लॉग घ्या. एकदा दोन्ही औषधांना वेगळा उतार देऊन प्रतिमान बसवा, एकदा एकच उतार देऊन. दोन्हींच्या डेव्हियन्समधला (आकडे प्रतिमानापासून किती दूर आहेत त्याचं माप) फरक काय-वर्गाच्या तक्त्याशी ताडून बघा. दोन ओळींचं काम आहे.

लॉजिट (प्रोबिटसारखंच दुसरं रूपांतर) की प्रोबिट यावर वेळ घालवू नका. मधल्या भागात दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात. फरक दिसतो तो १ टक्का आणि ९९ टक्क्यांच्या टोकांना, आणि तिथे आकडेच तुटपुंजे असतात.

अंकमोड

लायडनकर, फार मोलाचं लिहिलंत. 'समांतरता नापास तर गुणोत्तर नाही' हा नियम मी उद्यापासून वर्गात तुमचा दाखला देऊन सांगणार.

आता डेग्वेलिनची ती गोष्ट. रेषा बसवल्यावर प्रत्येक मात्रेला किती मरायला हवे होते ते काढलं आणि प्रत्यक्षाशी ताडलं. ५.१ ला अपेक्षा ११ ची, मेले १६. १०.१ ला अपेक्षा २४ ची, मेले १८. २०.२ ला अपेक्षा ३८ ची, मेले ३४. ३०.३ ला अपेक्षा ४४ ची, मेले ४७. कमी मात्रेला जास्त, मध्ये कमी, वर पुन्हा जास्त. काय-वर्ग (अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचं माप) साधारण ११.५ येतो, चार स्वातंत्र्यांशांवर (सहा मात्रा वजा रेषेचे दोन अंक). ५ टक्के पातळीची मर्यादा ९.४९ आहे. म्हणजे सरळ रेषा या आकड्यांना नीट बसत नाही. रोटेनोनचा काय-वर्ग १.६ आहे, तिथे रेषा अगदी छान बसली आहे.

अशा वेळी काय करायचं? बरेच जण काय-वर्ग तक्त्यात छापतात आणि तिकडे बघतही नाहीत. खरं तर तो छापलेला असतो तुम्हाला सावध करायला. किडे एकमेकांपासून स्वतंत्रपणे मेले असते तर जेवढी वर-खाली अपेक्षित होती, त्याहून जास्त वर-खाली दिसतेय. काय-वर्ग भागिले स्वातंत्र्यांश, म्हणजे इथे जवळपास २.९, हा विषमतेचा घटक. सगळी प्रचरणं त्याने गुणायची, आणि १.९६ ऐवजी चार स्वातंत्र्यांशांचा टी (कमी आकड्यांसाठीचा मोठा गुणक) घ्यायचा, २.७८.

परिणाम बघा. हा घटक न धरता डेग्वेलिनच्या एलसी५० च्या मर्यादा साधारण ८.३ ते ११.९. घटक धरल्यावर साधारण ६.४ ते १५.४! दुपटीहून जास्त रुंद. दोन्ही मर्यादा त्याच आकड्यांतून निघाल्या, पण पहिल्या मर्यादा खोटी खात्री देतात.

आणि उतारांच्या तुलनेवरही याची सावली पडते. ४.२ आणि २.६ यांतला फरक, घटक न धरता, आपल्या प्रमाणत्रुटीच्या २.८ पट आहे. सार्थ. दोन्ही औषधांची विषमता एकत्र करून तिचा घटक (सुमारे १.९) लावला की हेच प्रमाण २ वर येतं, आणि सात स्वातंत्र्यांशांना २.३६ हवं. म्हणजे 'रेषा समांतर नाहीत' हेही ठामपणे म्हणता येत नाही. समांतर मानून एकच उतार (३ च्या आसपास) घेतला तर गुणोत्तर २.२ च्या आसपास येतं.

मग मी काय लिहीन? 'एलसी५० पातळीवर रोटेनोन सुमारे दुप्पट तीव्र. उतारांत फरक असल्याची शक्यता आहे पण या चाचणीत ती निश्चित झाली नाही. वरच्या मात्रांना फरक आणखी मोठा असू शकतो. डेग्वेलिनची चाचणी मधल्या मात्रा वाढवून पुन्हा व्हावी.' वाक्य लांब आहे. पण एवढं लिहिल्याशिवाय वाचणाऱ्याला खरी परिस्थिती कळत नाही, आणि त्याच्या पैशाचा आणि पिकाचा प्रश्न असतो.

साचलेलं_पाणी

जिल्हा हिवताप कार्यालयात काम केलंय, डासांची बाजू मांडतो. आमच्याकडे दर गावातल्या डासांचा एलसी५० काढायला ना वेळ असतो ना तेवढे डास. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची नळी-चाचणी. औषध लावलेला कागद नळीत, डास एक तास त्यात, मग स्वच्छ नळीत २४ तास, मग मोजणी. डीडीटी ४ टक्के, मॅलॅथिऑन ५ टक्के, डेल्टामेथ्रिन ०.०५ टक्के असे ठरलेले कागद. ९८ टक्के किंवा जास्त मेले तर डास संवेदनशील, ९० च्या खाली तर प्रतिकारक्षम, मधल्या पट्ट्यात असेल तर पुन्हा तपासणी.

यात औषधांची आपसात तुलना होत नाही. डेल्टामेथ्रिनला ९५ आणि मॅलॅथिऑनला ९९ टक्के मेले म्हणजे मॅलॅथिऑन जास्त जहाल, असा अर्थ काही जण काढतात. कागदांवरच्या मात्रा मुळातच वेगळ्या आहेत, त्या 'हा डास सरावला आहे का' एवढंच ओळखण्यासाठी ठरवलेल्या. अंकमोड म्हणतात ती तुलना करायची तर चढत्या मात्राच लागतील.

शिवार_हिंगोली

सरावणं हा शब्द आला म्हणून विचारतो. गुलाबी बोंडअळीचं काय झालं? बीटी आलं तेव्हा बोंडं स्वच्छ असायची. मग पुन्हा अळी. ती 'इतक्या पट सरावली' असं पेपरात यायचं, तेही याच हिशोबाने?

जुनाजाणता

हो शिवार, तोच हिशोब, फक्त तुलना औषधांऐवजी अळ्यांची. शेतातून आणलेल्या अळ्यांचा एलसी५० भागिले प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या औषधाविना वाढवलेल्या अळ्यांचा एलसी५०. याला प्रतिकार गुणोत्तर म्हणतात. बीटीच्या बाबतीत प्रथिन कृत्रिम खाद्यात मिसळून देतात. गुलाबी बोंडअळी क्राय१एसीला (बीटी कपाशीतलं पहिलं प्रथिन) सरावल्याचं गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांतून २०१० मध्ये जाहीर झालं. पुढे दोन प्रथिनांच्या वाणालाही ती दाद देईनाशी झाली. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यावर लक्ष ठेवून असते.

इथे उतार फार बोलका असतो, म्हणून मी या धाग्यावर एवढा उत्साहाने लिहितोय. प्रतिकार नुकता शिरत असताना शेतातल्या अळ्या सरमिसळ असतात, काही जुन्या, काही सरावलेल्या. रेषा निजते. एलसी५० फारसा हललेला नसतो, गुणोत्तर दोन-तीन पट, कोणी लक्ष देत नाही. पण एलसी९० झपकन वर गेलेला असतो. मग फवारण्या सुरूच राहतात, जुन्या अळ्या संपतात, सगळ्या सरावलेल्याच उरतात आणि रेषा पुन्हा उभी होते, फक्त फार उजवीकडे सरकून. तेव्हा एलसी५० ओरडून सांगतो, पण वेळ गेलेली असते. ज्याला इशारा वेळेवर हवा आहे त्याने उतार आणि एलसी९० बघावेत.

आणखी एक. संवेदनशील वाण कोणता घेतला यावर सगळं गुणोत्तर अवलंबून. अतिनाजूक वाण घेतला की कुठलीही शेतातली अळी पन्नास पट सरावलेली दिसेल.

मृद्गंध

काका, सर, या धाग्याचे प्रिंट काढून खोलीत लावलेत. शेवटची अडचण: मार्गदर्शकांना 'सापेक्ष विषारीपणा'चा स्तंभ हवाच आहे, सगळ्यात सौम्य औषध १ धरून बाकीच्यांना क्रम. आणि डिशमागे दहा मावे, तीन पुनरावृत्ती, सात मात्रा असं ठरलंय. पुरेल?

अंकमोड

स्तंभ द्या, पण शेजारी दोन स्तंभ वाढवा: गुणोत्तराच्या ९५ टक्के मर्यादा, आणि उतार प्रमाणत्रुटीसह. खाली टीप द्या की कोणत्या जोड्यांत उतार वेगळे आढळले. तिथे क्रमांक देऊ नका, एलसी५० आणि एलसी९० वेगवेगळे द्या. आणि आधार म्हणून सगळ्यात सौम्य औषध धरण्यापेक्षा डायमेथोएट धरा. सौम्य कोण हे तुमच्या प्रयोगावर ठरतं, दुसऱ्याच्या प्रयोगात ते बदलेल आणि दोन प्रबंधांची तुलना होणार नाही. डायमेथोएट सगळ्यांकडे असतं.

मात्रांबद्दल: सातपैकी दोन ठिकाणी शून्य आणि दोन ठिकाणी शंभर टक्के मेले तर तुमच्याकडे कामाच्या मात्रा तीनच. आधी दहा-दहा पटीच्या अंतराने एक झटपट चाचणी घ्या, मग मुख्य चाचणीच्या मात्रा साधारण १० ते ९५ टक्के मरणाच्या पट्ट्यात बसवा. मात्रेमागे तीस मावे एलसी५० साठी चालतील, पण एलसी९० वर बोलायचं असेल तर वरच्या मात्रांना पन्नास-साठ घ्या.

आणि पुनरावृत्ती म्हणजे एकाच दिवशी एकाच द्रावणाच्या तीन डिश नव्हेत. वेगळा दिवस, नव्याने केलेलं द्रावण, माव्यांची नवी तुकडी. एका डिशमधले मावे एकमेकांसारखे वागतात, डेग्वेलिनमध्ये दिसली तशी विषमता बऱ्याचदा तिथूनच येते. तिन्ही दिवसांचे आकडे एकत्र बेरीज करून देऊ नका, दिवसवार द्या.

शिवार_हिंगोली

एक विनंती. हे जे कोणी लिहिता, प्रबंध असो की पत्रक, त्यात माणसाला किती विषारी तेही शेजारी छापा. २०१७ला यवतमाळकडे फवारताना माणसं दगावली, आमच्याकडचे मजूर तेव्हापासून पंप उचलायला घाबरतात. अळीला जहाल म्हणजे माणसाला पण जहाल, की त्याचा संबंध नसतो?

जुनाजाणता

थेट संबंध नसतो शिवार, आणि म्हणूनच दोन्ही छापायला हवं. अळीचा एलसी५० आणि उंदरावर काढलेला तोंडावाटेचा एलडी५० (निम्मे उंदीर मारणारी मात्रा) हे दोन वेगळे आकडे. डब्यावरचा रंगीत त्रिकोण हा दुसऱ्या आकड्यावरून ठरतो. लाल म्हणजे वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्याच्यावर. अळीला अतिशय तीव्र असून हिरव्या त्रिकोणात बसणारी औषधं आज आहेत, क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल त्यातलं. आणि अळीवर पार निष्प्रभ झालेली लाल त्रिकोणाची औषधंही लोक सवयीने फवारत होते. पण एक ध्यानात ठेवा, त्रिकोण डब्यातल्या औषधाचा आहे. दोन-तीन औषधं पंपात एकत्र केली की त्या मिश्रणाचा त्रिकोण कोणीच तपासलेला नसतो. हातमोजे, तोंडाला मास्क, आणि वाऱ्याच्या उलट दिशेने फवारणी कधीच नाही.

मृद्गंध, तुझ्या तक्त्यात हा एक स्तंभ वाढव. त्रिकोणाचा रंग. जागा फार लागत नाही.

मृद्गंध

वाढवते काका. फ्लोनिकामिडची ७२ तासांची मोजणी सोमवारी सुरू करतेय. कच्चे आकडे दिवसवार इथेच टाकते, उतार सगळ्यांनी तपासा.